पकडलेल्या गंधकाचे पुढे काय?

खानदेशातल्या तालुका विज्ञान प्रदर्शनात औष्णिक वीजकेंद्राची प्रतिकृती नाही, असे वर्ष क्वचितच जाते. त्यात नवल नाही. बोदवडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, भुसावळच्या शेजारी, दीपनगरचे वीजकेंद्र आहे. विदर्भातल्या खाणींचा कोळसा घेऊन येणाऱ्या मालगाड्या बोदवड स्टेशनावरून जातात. मुले जे रोज पाहतात तेच बांधतात. प्रतिकृतीही ठरलेली असते. थर्मोकोलचा बॉयलर, पुठ्ठ्याची चिमणी, आत उदबत्ती किंवा जळका कागद, आणि चिमणीतून काढलेली नळी चुन्याच्या निवळीच्या बाटलीत सोडलेली. निवळी पांढुरकी होते. धुरातील सल्फर डायऑक्साइड चुन्याने पकडला, आता आम्लपर्जन्याची भीती नाही, असे शेजारी उभी असलेली मुलगी खणखणीत आवाजात सांगते. परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात.

प्रतिकृती सुबक असते, पाठांतर चोख असते आणि निष्कर्ष चुकीचा असतो. उदबत्तीच्या किंवा कागदाच्या धुरात गंधक नावालाच असते. निवळी पांढुरकी झाली ती कार्बन डायऑक्साइडने. त्याच बाटलीत मुलीने नळीने फुंकर मारली असती तरी निवळी तशीच झाली असती, आणि हे सातवी-आठवीत आपणच तिला शिकवलेले असते. सल्फर डायऑक्साइडनेही निवळी पांढुरकी होते हे खरे. म्हणूनच ही चाचणी दोन वायूंमध्ये भेद करायला निरुपयोगी आहे.

प्रत्यक्ष चिमणीतले प्रमाण पाहिले तर घोटाळा किती मोठा आहे ते कळेल. आपल्याकडचा कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या धूरवायूच्या दर १०,००० रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे रेणू १,२०० हून अधिक असतात; सल्फर डायऑक्साइडचे पाच-सहा. या गर्दीतून ते पाच-सहा निवडून काढायचे आहेत. साध्या चुन्याच्या निवळीला ही निवड जमत नाही. बहुतेक सगळा चुना कार्बन डायऑक्साइडच खाऊन टाकेल.

मी येथे मुलांवर टीका करत नाही. टीका आहे ती धड्यावर, आणि धड्याच्या पुढे न जाणाऱ्या आपल्या परीक्षणावर. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण आहे. कोळसा जाळल्यावर सल्फरची ऑक्साइडे बाहेर पडतात एवढे सांगून ते पुढे जाते. ती किती, ती पकडायची कशी, आणि पकडल्यावर ठेवायची कोठे, हे प्रश्न तेथे उमटत नाहीत. त्यांतला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे.

आधी ‘किती’ हे पाहू. दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांतला एक पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला सुमारे ८,००० टन कोळसा लागेल, म्हणजे मालगाडीचे दोन पूर्ण रेक. कोळशात गंधक अर्धा टक्का धरू. भारतीय कोळशात ते साधारण एवढेच असते. दिवसाला ४० टन गंधक जळते आणि त्याचे वजनाने दुप्पट, म्हणजे ८० टन सल्फर डायऑक्साइड होते. हा हिशेब नववीचा विद्यार्थी फळ्यावर करू शकतो. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे, चिंता नको, असे म्हणणाऱ्यांनीही तो एकदा करावा. टक्केवारी कमी असली तरी कोळसा फार आहे.

प्रतिकृतीत बहुधा आणखी एक चूक असते. चिमणीच्या आधी कापसाची किंवा जाळीची चाळण बसवून तिलाच ‘प्रदूषण नियंत्रण’ म्हटलेले असते. वीजकेंद्रात विद्युत् भाराने राख ओढून घेणारी यंत्रणा असते आणि ती राखेचे ९९ टक्क्यांहून अधिक कण पकडते. पण सल्फर डायऑक्साइड हा वायू आहे, तो या यंत्रणेतून सरळ निघून जातो. धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली, हा समज ही चाळण पक्का करते.

आता मुख्य विषयाकडे येऊ. सल्फर डायऑक्साइड कोरड्या रीतीने पकडून पुन्हा सोडता येईल असा पदार्थ शोधण्याचे प्रयत्न गेली साठ वर्षे चालू आहेत. त्यांतला सर्वांत शिकवण्याजोगा प्रयत्न म्हणजे अ‍ॅल्युमिनाच्या सच्छिद्र दाण्यांवर धातूच्या ऑक्साइडाचा पातळ थर देऊन केलेला शोषक. आपल्या पाठ्यक्रमातले निम्मे रसायनशास्त्र यात येते, तरी तो कोणत्याच शालेय पुस्तकात नाही याचे मला वाईट वाटते.

ऑक्साइड कोणते निवडायचे, येथून गोष्ट सुरू होते. पहिल्यांदा मनात येतो कॅल्शिअमचा चुना. तो सल्फर डायऑक्साइड घट्ट धरतो, पण इतका घट्ट, की तयार झालेले कॅल्शिअम सल्फेट मोडायला १,२०० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. म्हणजे चुना एकदाच वापरायचा. उलट ज्या ऑक्साइडाची पकड अगदी सैल, ते धूरवायूतल्या एवढ्या विरळ सल्फर डायऑक्साइडला धरूच शकत नाही. तांब्याचे ऑक्साइड या दोहोंच्या मधले आहे. सुमारे ४०० अंशांना त्याची अभिक्रिया अशी होते:

कॉपर ऑक्साइड + सल्फर डायऑक्साइड + ऑक्सिजन (अर्धा रेणू) → कॉपर सल्फेट

लागणारा ऑक्सिजन धूरवायूत शिल्लक असतोच. आणि ज्या कार्बन डायऑक्साइडने आपल्या मुलीला फसवले, त्याचे येथे काही चालत नाही. कॉपर कार्बोनेट ३०० अंशांच्या आतच मोडते, त्यामुळे ४०० अंशांना ते टिकूच शकत नाही. कॉपर सल्फेट मात्र ६५० अंशांच्या आसपासपर्यंत शाबूत राहते. निवड करणारी गोष्ट येथे तापमान आहे. मोरचूद तापवल्यावर निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते आणि फार तापवल्यावर ती काळी पडते, हा प्रयोग आपण दाखवतो. ती काळी पूड म्हणजे हेच कॉपर ऑक्साइड. आपल्या परीक्षानळीत या चक्राचा परतीचा अर्धा भाग नेहमी घडत होता, फक्त त्याला कोणी नाव दिले नव्हते.

नुसती कॉपर ऑक्साइडची पूड मग का चालत नाही? कारण कणाच्या पृष्ठभागावर सल्फेट तयार होते आणि त्याच वजनाच्या तांब्यासाठी ते ऑक्साइडाच्या सुमारे साडेतीन पट जागा व्यापते. कण फुगतो, त्याच्यावर कवच बसते आणि आतले ऑक्साइड कोरडेच राहते. म्हणून ऑक्साइड पसरून ठेवायचे, इतके पातळ की ‘आतले’ असे काही उरूच नये. त्यासाठी पसरायला जागा हवी, आणि ती अ‍ॅल्युमिना देते.

अ‍ॅल्युमिना आपल्याला दहावीच्या धातुविज्ञानात भेटते. बॉक्साइटपासून मिळालेले अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड सुमारे १,००० अंशांना तापवून ती करतात आणि तिच्यापासून अ‍ॅल्युमिनिअम काढतात. पुस्तकाच्या दृष्टीने ती वाटेवरचे एक स्टेशन आहे. पण हायड्रॉक्साइड इतके न तापवता ५०० अंशांच्या आसपास थांबलो, तर ‘गॅमा’ अ‍ॅल्युमिना हाती येते. पाणी निघून गेलेल्या जागी सूक्ष्म रंध्रे राहतात आणि एका ग्रॅमचे आतले पृष्ठफळ सुमारे २०० चौरस मीटर भरते, म्हणजे कबड्डीची दीड मैदाने. हीच वस्तू १,१०० अंशांच्या पलीकडे नेली की रंध्रे मिटतात, ‘अल्फा’ अ‍ॅल्युमिना होते आणि पृष्ठफळ ग्रॅमला काही चौरस मीटरवर येते. सूत्र तेच राहते आणि वस्तू वेगळी होते. सूत्र पाठ झाले म्हणजे पदार्थ कळला असे मानणाऱ्या आपल्या पद्धतीला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

थर देण्याची रीत तर घरगुती वाटावी अशी आहे. गॅमा अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांत ग्रॅममागे साधारण ०.४५ मिलिलिटर रिकामी जागा असते असे धरू. १०० ग्रॅम दाण्यांत ४५ मिलिलिटर द्रव मावेल, थेंबभरही बाहेर उरणार नाही. शंभर ग्रॅमवर ७ ग्रॅम कॉपर ऑक्साइड हवे असेल, तर सुमारे २१ ग्रॅम सजल कॉपर नायट्रेट पाण्यात विरघळवून एकूण द्रावण बरोबर ४५ मिलिलिटर करायचे आणि ते दाण्यांवर हळूहळू टाकत ढवळायचे. दाणे ओले होतात पण भांड्यात पाणी साचत नाही. मग ११०-१२० अंशांना वाळवायचे आणि ५०० अंशांच्या आसपास तापवायचे. नायट्रेट मोडून ऑक्साइड रंध्रांच्या भिंतींवर राहते. तापवताना तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून हा शेवटचा भाग शाळेत मुळीच करू नये. पहिला भाग मात्र जरूर करावा. विटेचा किंवा बिनचकाकीच्या खापराचा तुकडा उन्हात खडखडीत वाळवून तोलायचा, पाण्यात रात्रभर ठेवायचा, वरचे पाणी टिपून पुन्हा तोलायचा. वजनातला फरक म्हणजे त्याच्या पोटातली रिकामी जागा. तेवढेच मीठाचे द्रावण दिले तर भिंतींवर किती मीठ बसेल, हे मुलांनी आधी काढावे आणि तुकडा वाळवून पडताळून पाहावे.

येथे एक मोह असतो. थर जाड केला तर जास्त पकडेल, असे वाटते. प्रत्यक्षात साधारण ५ ते १० टक्क्यांच्या पलीकडे कॉपर ऑक्साइड पसरत नाही, त्याचे स्वतंत्र स्फटिक बनतात, रंध्रांची तोंडे बुजतात आणि पुन्हा कवचाची अडचण उभी राहते. दाणे फार तापले तर तांबे आणि अ‍ॅल्युमिना मिळून तिसरेच संयुग होते व तांबे कामातून जाते. शिवाय अ‍ॅल्युमिना स्वतःही थोडे सल्फेट बनवते.

पकडून झाल्यावर सोडवायचे. दाण्यांवरून धूरवायू बंद करून जवळजवळ त्याच तापमानाला हायड्रोजन किंवा मिथेन सोडला की कॉपर सल्फेटाचे क्षपण होते. धातुरूप तांबे उरते आणि सल्फर डायऑक्साइड बाहेर येतो, पण आता तो विरळ नसतो. त्याच्यापासून गंधकाम्ल किंवा गंधक करता येते. तांब्यावर हवा सोडली की पुन्हा कॉपर ऑक्साइड, आणि चक्र पुन्हा सुरू.

कागदावर हे फार देखणे आहे. म्हणूनच शोषकांविषयीच्या लेखनाकडे जरा सावधपणे पाहावे लागते. एक ग्रॅम शोषकाने किती मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड पकडला, हा आकडा ठळकपणे छापला जातो. पण तो बहुधा पहिल्या फेरीचा असतो, आणि पुष्कळदा कोरड्या, राख नसलेल्या, बाटलीतून मिसळलेल्या वायूवरचा. आपल्या ८० टनांचा हिशेब त्याला लावून पाहा. ८० टनांसाठी १०० टन कॉपर ऑक्साइड लागते. सात टक्के थराचा शोषक एकदाच वापरून टाकायचा तर रोज १,४०० टनांहून जास्त. तेव्हा एका फेरीत किती पकडतो याला फारसा अर्थ नाही. हजाराव्या फेरीत किती पकडतो आणि तोवर किती दाण्यांचा भुगा झाला, हे विचारले पाहिजे. पहिल्या फेरीचा आकडा छापणे म्हणजे बैलाची पहिल्या दिवसाची चाल पाहून किंमत ठरवणे.

इतिहासाने हेच दाखवले आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने सोडिअमयुक्त अ‍ॅल्युमिनाचा शोषक वापरून पाहिला. तो पकडायला उत्तम होता, पण फिरवताना दाणे झिजून गेले आणि शोषकाच्या खर्चाने योजना बुडाली. सोडिअम कार्बोनेटाचा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनावर उभी राहिलेली ‘नॉक्सो’ ही पद्धत १९९० च्या दशकात पथदर्शी संयंत्रापर्यंत पोहोचली, आणि मग तिची कंपनीच दिवाळखोरीत गेली. कॉपर ऑक्साइडाला शेल कंपनीने मोठे रूप दिले. १९७३ मध्ये जपानमधल्या योक्काइची येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात तेलावर चालणाऱ्या बॉयलरला ते बसवले. हे तेच योक्काइची, जेथल्या सल्फर डायऑक्साइडने लोकांना जडलेल्या दम्याला गावाचे नाव पडले आणि जेथल्या रहिवाशांनी १९७२ साली कंपन्यांविरुद्धचा खटला जिंकला. दाणे झिजू नयेत म्हणून गोलाकार, टणक अ‍ॅल्युमिना बनवण्याचे काम पुढे सिनसिनाटी विद्यापीठात वाय. एस. लिन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केले. एवढे होऊनही कोळशाच्या मोठ्या वीजकेंद्रांत ही पद्धत रुजली नाही.

दीपनगरसारख्या ठिकाणी ती का अवघड आहे, हे विद्यार्थ्यांना सहज कळेल. तेलाच्या धुरात राख जवळजवळ नसते. आपल्या कोळशात ती ३५-४० टक्के असते. ४०० अंशांचा धूरवायू हवा तर तो राख पकडणाऱ्या यंत्रणेच्या आधीच, बॉयलरजवळ घ्यावा लागतो. म्हणजे नाजूक रंध्रांचे दाणे थेट राखेच्या वादळात ठेवायचे. राख काढल्यानंतरचा वायू घ्यावा तर तो १५० अंशांच्या खाली गार झालेला, तो पुन्हा तापवायचा. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसा हा प्रकार. त्यात मिथेन हवा, गंधकाम्लाचा कारखाना हवा आणि ते अम्ल घेणारा गिऱ्हाईक हवा.

म्हणून जगभर जिंकली ती साधी, पाणचट पद्धत. बारीक दळलेल्या चुनखडीचा गाळ धूरवायूवर फवारायचा. तो किंचित आम्लधर्मी ठेवतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जात नाही आणि सल्फर डायऑक्साइड जातो. निवळीच्या बाटलीत राहून गेलेली नेमकी गोष्ट हीच. किनाऱ्यावर चुनखडीही लागत नाही. ट्रॉम्बेला टाटांच्या केंद्रात १९८० च्या दशकात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची व्यवस्था आली. डहाणूला न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाच्या आग्रहाने ती २००७ साली सुरू झाली. खानदेशाला समुद्र नाही, आणि तापीच्या पाण्यावर तो प्रयोग करता येणार नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच घातली. २०१७ पूर्वीच्या ५०० मेगावॉट व त्याहून मोठ्या संचांना घनमीटरमागे २०० मिलिग्रॅम, लहान संचांना ६००, आणि त्यानंतरच्या नव्या संचांना १००. मुदत दोन वर्षांची होती, ती पुनःपुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने केंद्रांची विभागणी अंतरावर केली. दिल्ली परिसर व दहा लाखांहून मोठी शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना मर्यादा पाळणे सक्तीचे. अतिप्रदूषित क्षेत्रे आणि हवेची मानके न पाळणारी शहरे यांच्या दहा किलोमीटरमधल्या केंद्रांचा निर्णय एकेकट्याने. उरलेल्या बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीचा निकष पाळला की सल्फर डायऑक्साइडची मर्यादा लागू नाही. जळगाव शहर मानके न पाळणाऱ्यांच्या यादीत आहे, पण दीपनगरपासून ते दहा किलोमीटरच्या रेषेबाहेर आहे. बोदवड तर कोणत्याच यादीत नाही.

या निर्णयामागचा युक्तिवाद असा, की केंद्रांच्या आसपासच्या हवेत सल्फर डायऑक्साइड २४ तासांच्या ८० मायक्रोग्रॅमच्या मानकाच्या आतच आढळतो. आढळत असेल. उंच चिमणीचे कामच ते आहे, जवळच्या यंत्राला कमी दिसावे असे पसरवणे. पण दिवसाचे ८० टन पसरवल्याने ७९ होत नाहीत. हवेत त्याचे सल्फेटाचे सूक्ष्म कण होतात, ते शेकडो किलोमीटर जातात, आणि तेथे मोजले गेले तर ‘धूळ’ म्हणून मोजले जातात. दहा किलोमीटरची रेषा वाऱ्याला माहीत नसते. माझ्या मते हा युक्तिवाद प्रदर्शनातल्या निवळीच्याच जातीचा आहे: मोजायला सोपे ते मोजायचे आणि मोजायचे होते ते सुटल्याचे लक्षात येऊ द्यायचे नाही.

विरोधकांच्या बाजूलाही एक ढिलाई आहे. ‘यंत्रणा बसवा’ एवढ्यावर मागणी थांबते. चुनखडीच्या पद्धतीचा हिशेब मांडू. ८० टन सल्फर डायऑक्साइडला १२५ टन शुद्ध चुनखडी लागेल. तिच्यातून ५५ टन कार्बन डायऑक्साइड नव्याने हवेत जाईल, आणि २१५ टन जिप्सम तयार होईल, तेही रोज आणि एकाच संचातून. राखेचे डोंगर सांभाळताना काय होते ते दीपनगरच्या आसपासच्या गावांना विचारावे लागत नाही. जिप्समला गिऱ्हाईक नसेल तर दुसरा डोंगर उभा राहील.

तालुका प्रदर्शनात यंदा कोणी चिमणीची प्रतिकृती आणली, तर परीक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. निवळी कशाने पांढरी झाली, हे तू कसे ओळखलेस? (परमँगनेटच्या अगदी फिकट द्रावणाचा रंग सल्फर डायऑक्साइडने जातो. पण धुरातले इतर पदार्थही तो घालवू शकतात, म्हणून चिमूटभर गंधक घालून एक आणि न घालता एक, अशा दोन बाटल्या हव्यात. गंधक शिक्षकांनी उघड्यावर जाळावे.) जितके आत गेले तितके बाहेर कोठे कोठे गेले, याचा हिशेब आहे का? आणि बाटलीत उरलेला गाळ तू कोठे टाकणार?

तिसऱ्या प्रश्नाला बोदवडच्या मुलांकडे एखादे वेळी मोठ्यांपेक्षा बरे उत्तर असेल. येथून पूर्वेला, मलकापूर-शेगाव-अकोल्याच्या बाजूला, पूर्णेचा खारपाण पट्टा लागतो. सोडिअमने घट्ट झालेल्या चोपण जमिनीला जिप्सम देतात, भुईमुगालाही देतात. धुरापासून झालेल्या जिप्सममध्ये राखेतले जड धातू किती, हे आधी तपासावे लागेल आणि ते तपासल्याशिवाय एक पोतेही शेतात जाऊ नये. २१५ टन म्हणजे मालगाडीचे जेमतेम चार डबे. दीपनगरला कोळसा ओतून झालेले रेक रोज बोदवडवरून रिकामे त्याच दिशेने परत जातात.